भाता भरेपर्यंत

फुंकून वाद्य वाजवणाऱ्या माणसाला मधेमधे श्वास घ्यावा लागतो, ही साधी गोष्ट माझ्या आत्याला जन्मात कुणी सांगितली नव्हती. ते काम माझ्या वाट्याला आलं आणि त्यापायी आमचं जे वाजलं, ते सगळ्या गल्लीने ऐकलं.

आत्या ऑर्गन वाजवायची. पेटीसारखा, पायाने हलवायचा छोटा ऑर्गन नव्हे. आमच्या जुन्या सभागृहात मंचामागची अख्खी भिंत अडवून बसलेला, शेकडो नळ्यांचा ऑर्गन. हातांसाठी पट्ट्यांच्या दोन रांगा, पायांसाठी खाली वेगळ्या लाकडी पट्ट्या. ह्या सगळ्याला लागणारा वारा यायचा भिंतीमागच्या एका कोंदट खोलीतून. तिथे कपाटाएवढा भाता होता आणि भात्याच्या दांड्यावर माझे काका, म्हणजे आत्याचे यजमान. पुढे ती वाजवणार, मागे ते दांडा ओढणार. कार्यक्रमाच्या कागदावर नाव अर्थातच तिचं. काका म्हणायचे, "वारा मी घालतो आणि हवा हिची होते."

पुढे काकांचे गुडघे गेले, तेव्हा सभागृहाने एकदाची मोटर बसवली. मग काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसायला लागले. "यंत्राने पोटावर पाय दिला," असं येईल त्याला सांगायचे, पण गुडघ्यांना बरं वाटत होतं हे दिसायचं.

आता काका जाऊन दोन वर्षं झाली. आत्याच्या बोटांचे सांधे सुजले, तिचं वाजवणं बंद झालं. ऑर्गनच्या निम्म्या नळ्या फुटल्या, दुरुस्त करणारा कुणी उरला नाही. शेवटी सभागृहाने तो उतरवायचं ठरवलं. बातमी कळली त्याच दिवशी आत्या माझ्या दुकानात आली आणि टेबलावर पिवळ्या पडलेल्या पानांचा गठ्ठा आपटला.

माझं दुकान फुंकवाद्यं दुरुस्त करायचं. भोकं झाकणारे पॅड बदलायचे, स्प्रिंग बसवायची, चिरलेलं लाकूड सांधायचं. मागच्या खोलीत दर आठवड्याला आम्ही सात जण वाजवायला बसतो. फ्लूटवर एक दातांची डॉक्टर, क्लॅरिनेटवर मी, आणि बसूनवर अग्निशमन दलातले एक बंबवाले. बसून म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी नळी, आवाज खर्जातला. बाकी चौघांची ओळख नसली तरी चालेल, त्यांनी ह्या प्रकरणात शहाण्यासारखं तोंड बंद ठेवलं.

"हे माझं आहे," आत्या म्हणाली. "आयुष्यात एवढं एकच लिहिलं. ऑर्गन गेला की हे गेलं. तुम्हा फुंकणाऱ्यांसाठी करून दे. उतरवायच्या आधी त्या सभागृहात एकदा वाजलं पाहिजे."

"तू कधी आमचं वाजवणं ऐकायलासुद्धा आली नाहीस."

"आता येईन. लिहायला घे, मिरचे."

मिरची हे माझं घरातलं नाव. नाकावर राग म्हणून पडलेलं. पण तो मी आणला कुठून, हे कुणी विचारत नाही.

जाता जाता दारात थांबून, नाही, थांबून नव्हे, चालता चालताच ती म्हणाली, "हे मागे नि मी पुढे, असं आम्ही दोघांनी मिळून केलेलं एवढंच आहे. नीट कर."

थांबण्याचं आधी सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. आत्या कुणासाठी थांबत नाही, हा आमच्या घरातला जुना विनोद. रस्त्याने ती पुढे आणि काका पिशव्या घेऊन मागे. एकदा ती बसमध्ये चढली, बस सुटली, काका तसेच रस्त्यावर. तिला पत्ता लागला तो तिकीट काढताना, कारण पाकीट काकांच्या खिशात. काका ही गोष्ट हसून सांगायचे आणि आम्हीही पोट धरून हसायचो. शिकवायलाही ती तशीच. तिच्याकडे शिकलेल्या प्रत्येकाच्या कानात एकच वाक्य बसलंय: "चुकलात तरी चालेल, थांबायचं नाही." ठोका चुकला की टेबलावर पट्टी. माझं अर्धं बालपण त्या पट्टीच्या आवाजात गेलं.

पण काका गेल्यावर तो विनोद कुणी केला नाही. इस्पितळात शेवटच्या दिवशी काका तिला म्हणाले होते, "जरा बस ना." तिच्याकडे शिकणाऱ्या मुलांची परीक्षा होती. ती म्हणाली, "आलेच तासाभरात," आणि गेली. आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे तिने मला एकदाच सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून. "जन्मभर थांबले नाही आणि तेव्हाही नाही थांबले," म्हणाली. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि पुसत बसले.

तर मी लिहायला घेतलं. ऑर्गनचं संगीत फुंकवाद्यांवर आणायचं म्हणजे एका माणसाची दहा बोटं आणि दोन पाय सात माणसांत वाटून द्यायचे. उजव्या हाताची धून फ्लूटला आणि ओबोला, म्हणजे सनईच्या जातीच्या बारीक आवाजाच्या वाद्याला. मधली भर क्लॅरिनेटांना. पायांचा खर्ज बंबवाल्यांना, आणि त्यांच्या जोडीला मोठं, खालच्या सुरांचं क्लॅरिनेट. इथवर कुणालाही जमेल. खरी गोम अशी की ऑर्गनला फुफ्फुसं नाहीत. पट्टी दाबून धरली की सूर चालूच, दुपारपासून संध्याकाळपर्यंत चालू. माणूस तसं करायला गेला तर त्याच्या घरी फोन करावा लागेल.

लांब धरलेल्या सुरांची सोय केली. एकाने श्वास घेताना दुसऱ्याने धरायचं, मग उलट, ऐकणाऱ्याला जोड दिसता कामा नये. पण आत्याच्या रचनेत पाच जागा अशा होत्या की तिथे हा डाव चालेना. आधी भरधाव चढत गेलेली धून, सातही जण जीव खाऊन फुंकताहेत, आणि तिच्या शेपटीलाच चिकटून सगळ्या नळ्यांचा एक मोठा थोरला स्वरमेळ. तो सगळ्यांनी एकदम, भरल्या छातीने घ्यायचा. छाती भरायची कधी? मी त्या पाच जागी सरळ श्वासाच्या खुणा केल्या. स्वल्पविरामासारखी खूण असते, तिथे सगळ्यांनी क्षणभर सुरावरून उतरायचं, श्वास घ्यायचा आणि मग स्वरमेळ.

तालमीला आत्या आली. खुर्ची ओढून पुढ्यात बसली. पहिली जागा आली, आम्ही श्वास घेतला, आणि तिची काठी जमिनीवर ठाणकन आपटली.

"खड्डा का पडला?"

"श्वास घेतला, आत्या."

"माझ्या पानावर श्वास कुठे आहे?"

"तुझ्या पानावर माणसं नव्हती, नळ्या होत्या."

"श्वास आधी घेऊन ठेवा. तिथे थांबायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिला अदबीने समजावलं की श्वास साठवून ठेवायची सोय देवाने केलेली नाही. आत्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बरं बाई, म्हटलं, खुणा खोडते. न थांबता वाजवलं. पहिला स्वरमेळ फुसका निघाला. दुसऱ्याला फ्लूट किंचाळला. तिसऱ्याला बंबवाले बसून बाजूला ठेवून गुडघ्यांवर हात टेकून वाकले. हा माणूस शिडीवरून धुरात शिरतो, आणि माझ्या आत्याच्या रचनेने त्याला घेरी आली.

"आता बरोबर," आत्या म्हणाली. "वाजलं घाण, पण थांबला नाहीत."

माझं डोकं फिरलं. "घाण वाजलेलं हवंय तुला? त्या सभागृहात, सगळ्या गावासमोर? क्षणभराची उसंत मागतोय, तुझी इस्टेट नाही मागत."

"मी चाळीस वर्षांत एकदाही थांबले नाही. आणि ह्या तुकड्यात तर नाहीच नाही."

"तू थांबत नाहीस हे सगळ्या जगाला माहीत आहे!"

तोंडातून गेलं ते गेलं. मला बसची गोष्ट म्हणायची होती. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिने बसची नव्हे, इस्पितळाची गोष्ट ऐकली होती. ती उठली, काठी उचलली आणि म्हणाली, "मग नका वाजवू. माझं राहू दे." आणि गेली, नेहमीसारखी, मागे वळून न बघता. मला अशी काही टोचणी लागली की मी उरलेली तालीम रद्दच केली.

दुसऱ्या दिवशी मात्र टोचणी ओसरली आणि राग परत आला. पुराव्यानिशी तिचं तोंड बंद करायचं, असं मी ठरवलं. त्या रचनेची दोन ध्वनिमुद्रणं होती. एक मोटर आल्यानंतरचं, चकचकीत, सभागृहाने करवून घेतलेलं. ते लावलं. हातात पेन्सिल घेऊन ठोके मोजले. काय सांगू, पट्टीने आखल्यासारखं! पाचही जागी बाई तशीच सुसाट. मी कपाळाला हात लावला.

दुसरं होतं काकांच्या काळातलं, एका जुन्या कॅसेटवर. ते आत्याने पानांबरोबरच दिलं होतं, पण "ते ऐकू नकोस, ह्यांच्या भात्याची नुसती धपधप आहे," असं बजावून. म्हणून मी ऐकलंच नव्हतं. आता एका ओबोचे पॅड बसवता बसवता लावून दिलं. धपधप होतीच. खोलवर, दाराआड कुणी गादी झटकत असावं तशी.

पहिली मोठी जागा आली आणि टेप रेंगाळली. क्षणभरच. मग स्वरमेळ.

मी दुरुस्तीवाली. माझ्या मनात पहिलं काय यावं? यंत्राचा पट्टा सैल झालाय. ओबो बाजूला ठेवला, कॅसेटचं यंत्र उघडलं, पट्टा खरंच जुना होता, तो बदलला, डबी बंद केली, पुन्हा लावलं. रेंगाळणं जागच्या जागी. पुन्हा उघडलं, चाकं पुसली, तेल दिलं. तरी तेच. असा सगळा तास घालवल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पट्टा घसरला असता तर सूरही खाली घसरला असता. सूर ताठ उभा होता. यंत्र थांबत नव्हतं. वाजवणारी थांबत होती.

मग मी धपधप ऐकायला लागले. हळू वाजत असताना भाता संथ चालायचा. धून चढायला लागली की त्याची घाई व्हायची, धप् धप् धप्, म्हणजे वारा संपत आलाय आणि काका तो भरायला जिवाचा आटापिटा करताहेत. मग वर सगळं गप्प. त्या गप्पपणात एक लांब, खोल धप्प. आणि त्यानंतर, एक क्षणही आधी नाही, स्वरमेळ. पाचही जागी. तीच पाच ठिकाणं, जिथे मी श्वासाच्या खुणा केल्या होत्या.

यंत्र काखोटीला मारून मी आत्याकडे गेले. खोटं कशाला बोलू, जिंकायला गेले होते. आता बघतेच कुठे पळते, असं म्हणत जिना चढले.

ती खिडकीपाशी बसली होती. "मी नाही म्हटलं ना," ती म्हणाली.

"वाजवायचं नाही. फक्त ऐक."

मी कॅसेट लावली. तिचं बोट आपोआप खुर्चीच्या हातावर ठोका धरायला लागलं. पहिली जागा आली. बोट पडलं आणि स्वरमेळ आलाच नाही. बोटानंतर आला.

"टेप खराब झाली."

"नवा पट्टा घातलाय."

दुसऱ्या जागी तसंच, बोट आधी, सूर मागून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आत बसून काड्या करत होते. तिसऱ्या जागी बोट हवेतच राहिलं. चौथ्या जागेपर्यंत तिने ठोका धरणं सोडून दिलं होतं. तिने चप्पल काढली होती आणि उघडी टाच जमिनीवर दाबून ती ऐकत होती.

"बाक थरथरायचं," ती म्हणाली. "भाता खाली बसला की माझ्या बाकाला कंप सुटायचा. पायापर्यंत यायचा. भरला की कंप थांबायचा."

"मग तू वाजवायचीस."

"मला माहीत नाही गं. मी असं काही ठरवून..." कॅसेट संपली, बटण खाडकन वर आलं. "नंतरच्या मुद्रणात?" तिने विचारलं.

"एकदाही थांबलेली नाहीस. मोटर आली तेव्हापासून सरळ पळतेस."

माझ्यातली जिंकायची सगळी हौस फिटली होती. मला माझीच लाज वाटत होती.

"म्हणजे मी थांबायचे," ती म्हणाली.

"दर वेळी, आत्या."

"ह्यांना कळत असेल?"

"दांडा त्यांच्या हातात होता. त्यांना नाही कळणार तर कुणाला?"

आत्या रडली. काका गेले तेव्हा मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले आणि तिचा सुजलेला हात धरून ठेवला. मलाही रडू आलं. मग तिने तळहाताने तोंड पुसलं आणि माझा हात झटकला.

"रडतेस काय? लिही त्या जागा. पाचही लिही."

"बरं."

"आणि शेवटची मोठी लिही."

"केवढी मोठी?"

"ते लिहू नकोस. तिथे माझ्याकडे बघ. मी मान हलवली की घ्या."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह निम्मं भरलं होतं, तेही आत्याच्या जुन्या विद्यार्थ्यांनी. सगळे पन्नाशीचे, तरी तिला बघून पाठीचे कणे सरळ झाले. आमच्या मागे ऑर्गन उभा होता, काही नळ्या आधीच काढून नेलेल्या. आत्या पहिल्या रांगेत बसली, काकांच्या खुर्चीवर. मी कडेला, तिला बघता येईल अशी.

आम्ही चांगलं वाजवलं. पहिल्या चार जागी उतरलो, श्वास घेतला, आणि स्वरमेळ असा भरून निघाला की बंबवाल्यांच्या खर्जाने माझ्या खुर्चीचे पाय हलले. जुने विद्यार्थी मात्र दर वेळी दचकत होते. बाईंच्या तुकड्यात उसंत? एक तर शेजाऱ्याला कोपरखळी मारताना मी पाहिला.

शेवटची चढण आली. सगळ्यात लांब, सगळ्यात भरधाव. आम्ही वर पोचलो, उतरलो, छात्या भरल्या आणि मी आत्याकडे पाहिलं.

तिने डोळे मिटले होते. चपला काढून दोन्ही पाय फरशीवर टेकवले होते. मान हलेना. सभागृहात एक जण खोकला. डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. बंबवाल्यांनी ओठांशी धरलेला बसून हलला नाही, पण त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मागे कुणीतरी कार्यक्रम संपला असं समजून एक टाळी वाजवली आणि ओशाळून थांबलं. तरी मान हलेना. मी आयुष्यात एवढी शांतता वाजवलेली नाही. आणि मग तिने, कुणाला तरी हो म्हणावं तशी, हळूच मान हलवली, आणि आम्ही सातही जणांनी तो स्वरमेळ घेतला.

नंतर वाद्यं पुसताना मी तिला म्हटलं, "एवढा वेळ? बंबवाले निळे पडायला आले होते."

"शेवटी फार दमायचे हे," आत्या म्हणाली. "म्हटलं, होऊ दे त्यांचं सावकाश."

मग तिने काठी घेतली आणि निघाली. मी क्लॅरिनेट पेटीत घालून, पानांचा गठ्ठा आणि तिची शाल सांभाळत बाहेर येईपर्यंत ती पार रस्त्याच्या टोकाला पोचली होती.